शेतकऱ्याचा हिशेब : विचारावा कसा, ऐकावा कसा

शेतीसुधारणेची कोणतीही योजना घेऊन गावात गेले, तरी बोलणे अखेर पैशापाशी येऊन ठेपते. ठिबक सिंचन चांगले, सुधारित बियाणे चांगले. परंतु पैसा कोठून आणावयाचा, हा शेतकऱ्याचा प्रश्न असतो आणि तो रास्तच असतो. अशा वेळी कार्यकर्ता सहज विचारून जातो, “आपल्यावर कर्ज किती?” शेतकरी एक आकडा सांगतो. तो टिपून घेऊन कार्यकर्ता सल्ला देतो, आणि सहा महिन्यांनी पाहावे तो दावणीची बैलजोडी विकली गेलेली असते. सल्ला चुकलेला नसतो. आकडाच अपुरा असतो.

शेतकऱ्याने असत्य सांगितले, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. खेड्यात ‘कर्ज’ हा शब्द बहुधा बँकेच्या किंवा विविध कार्यकारी सोसायटीच्या रकमेसाठीच वापरला जातो. ज्याचा बोजा सात-बाराच्या उताऱ्यावर चढतो, ते कर्ज. मेहुण्याकडून आणलेले ते हातउसने. कृषी सेवा केंद्राच्या वहीत मांडलेली ती उधारी. अडत्याकडून घेतलेली ती उचल. घरातील डोरले ठेवून आणलेले ते गहाण. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सवाईने अथवा दिढीने परत करावयाचे, ते तर नुसते देणेघेणे. एवढी नावे असता एकाच नावाने विचारले, तर उत्तरही एकाचेच मिळणार. ज्याला सल्ला द्यावयाचा आहे, त्याने ही सर्व नावे पाठ असू द्यावीत आणि प्रत्येक नावाने वेगळा प्रश्न करावा.

हा प्रश्न नवा नव्हे. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये हाती घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीत ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत घरोघर चौकशी झाली. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ज्या समितीने तिचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध केला, तीत धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याने उसनवार घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी सहकारी संस्थांचे रुपये तीनच्या आसपास आणि सावकारांचे सत्तरच्या आसपास, ही गोष्ट त्या चौकशीतून उघड झाली. संस्थांची दप्तरे कितीही चाळली असती, तरी ती कळली नसती. अलीकडे २०१९ मध्ये झालेल्या कर्ज व गुंतवणूक विषयक राष्ट्रीय नमुना पाहणीत ३० जून २०१८ या एका ठरावीक दिवसाचे देणे विचारण्यात आले आणि प्रत्येक कुटुंबाची दोनदा भेट घेण्यात आली. दिवस नेमून विचारणे व पुन्हा जाणे, या दोन्ही गोष्टी आपणांस घेण्यासारख्या आहेत. गावात तारखेपेक्षा पाडवा, मृग, पोळा, दिवाळी ही नावे अधिक उपयोगी पडतात.

चावडीवर किंवा सोसायटीच्या ओट्यावर देण्याचा विषय काढू नये. चार माणसांत विचारलेल्या प्रश्नाला चार माणसांसाठी दिलेलेच उत्तर मिळते. शेताच्या बांधावर, हातचे काम आटोपल्यावर, पिकापासून बोलण्यास आरंभ करावा. उदाहरणार्थ :

“आबा, यंदा मृगाला बियाणे कोठून आणले?”

“तालुक्याच्या दुकानातून.”

“रोखीने की वहीवर?”

“बियाणे निम्मे वहीवर. खत सगळेच.”

“मग द्यावयाचे कधी ठरले?”

“सोयाबीन निघाल्यावर. माल त्याच्याच अडतीवर घालायचा.”

शेवटच्या वाक्यात सगळे आले. येथे व्याज वेगळे सांगितले जात नाही. ते बहुधा खताच्या चढ्या किमतीत आणि मालाच्या उतरत्या भावात दडलेले असते. “तुमच्यावर उधारी आहे काय?” असे विचारले असते, तर “आहे थोडीशी” एवढ्यावर बोलणे संपले असते. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यात ज्याचे उत्तर देता येते, तो प्रश्न शक्यतो टाळावा. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प राहावे. आपल्या कार्यकर्त्यांना हे फार जड जाते; शेतकरी क्षणभर थांबला की ते स्वतःच उत्तर सुचवितात, आणि तो बिचारा मान डोलावतो.

टक्क्याविषयी विशेष जपावे. “तीन टक्क्याने घेतले” असे शेतकरी म्हणतो, ते महिन्याचे तीन. वर्षाचे छत्तीस झाले. जूनमध्ये सवाईने घेतलेले एक पोते ऑक्टोबरात सवा पोते करून द्यावयाचे, म्हणजे चार महिन्यांत शेकडा २५, अर्थात वर्षाच्या हिशेबाने ७५. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली २०१४ मध्ये शेतकऱ्यांसाठी ठरविलेला कमाल दर तारण कर्जास वर्षाला ९ टक्के व विनातारण कर्जास १२ टक्के आहे. परवान्यावाचून चाललेल्या सावकारीत जमीन गेली असल्यास सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. परंतु कायदा आरंभीच पुढे करू नये. तसे केल्यास सावकाराचे नावच पोटात राहते.

सर्वांत अवघड देणे ते, जे बँकेच्या पुस्तकात ‘वेळेवर फेड’ म्हणून चांगले दिसते. मार्चअखेर पीककर्जाचे नवे-जुने करावयाचे असते. हाती पैसा नसतो. म्हणून एक लाख रुपये खाजगीतून तीन टक्क्याने आणून बँकेत भरले जातात. नवे कर्ज हाती पडेपर्यंत दर महिन्यास ३००० रुपये व्याज चढते. दोन महिने लागले तर ६००० रुपये. व्याजसवलतीसाठी मुदतीत फेड आवश्यक आहे हे खरे. पण ती फेड कशातून केली, हे विचारल्यावाचून त्या शेतकऱ्याला ‘उत्तम खातेदार’ समजून आणखी कर्जाची शिफारस करणे धोक्याचे आहे. “यंदा भरणा कोणत्या पैशातून जमविलात?” हा प्रश्न अवश्य विचारावा.

घरधनिणीला बोलण्यात घेतल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही. बचत गटाचा हप्ता, सूक्ष्म वित्त कंपनीचा आठवड्याचा हप्ता, मोडलेला दागिना, शाळेची फी या गोष्टी पुष्कळदा तिलाच ठाऊक असतात. मात्र एकाने खाजगीत सांगितलेले देणे दुसऱ्यासमोर आपण होऊन बोलू नये. त्यातून घरात भांडण पेटते आणि कार्यकर्त्याला त्या घराचे दार कायमचे बंद होते. शेजारच्या घरी तर ते कदापि जाऊ नये.

लग्नात खर्च फार केला, असे सुनावण्याचा मोह पुष्कळांना होतो. लग्न होऊन गेले आहे. आता देणे किती, कोणाचे, कधीचे व कोणत्या दराने, एवढेच पाहावे. कर्ज मिळवून देण्याचे वचन देऊ नये, कारण मंजुरी आपल्या हाती नसते.

बोलता बोलता “आता जगण्यात राम नाही” यासारखे शब्द निघाले, तर वही मिटावी. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, हे शांतपणे व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. अशा माणसाला एकटे न सोडता घरच्यांना जवळ बोलवावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते.

लिहून घेण्यापूर्वी संमती घ्यावी. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे; वाचताना “एक राहिलेच की” असे म्हणून सांगितलेली रक्कम बहुधा सर्वांत मोठी असते. दर जास्त ते देणे वर, या क्रमाने कागद पुन्हा मांडून शेतकऱ्याच्या स्वाधीन करावा, आणि दुसऱ्या भेटीचा दिवस बँकेत अर्ज जाण्यापूर्वीचा ठरवावा.