पंचतारांकित हॉटेलातील कलासंग्रह : निवास, आस्वाद आणि सार्वजनिक वारसा

प्रस्तावना :

शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून वाहणारी भीमा नदी वडगाव रासाईसारख्या गावांच्या शिवाराला स्पर्श करीत पुढे पंढरपुरास जाते आणि तेथे चंद्रभागा या नावाने ओळखली जाते. याच पंढरपुरात १९१५ साली चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला. मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून उपजीविका करणाऱ्या या कलावंताची चित्रे पुढे अपोलो बंदरावरील ताज महाल पॅलेस या हॉटेलाच्या संग्रहात स्थिरावली. भीमेच्या वरच्या काठावरील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हुसेन हे नाव पाठ्यपुस्तकातून परिचित असते. मूळ चित्रासमोर उभे राहण्याचा योग मात्र त्याला क्वचितच येतो. एका रात्रीचे भाडे सामान्य कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाला मागे टाकील अशा वास्तूत ती कला नांदत असेल, तर ती कोणाची मानावी, हा प्रश्न यातून उद्भवतो. प्रस्तुत लेखात मुंबईतील हॉटेलांच्या, मुख्यत्वे ताजच्या, कलासंग्रहाच्या आधारे या प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

हॉटेल व कला : ऐतिहासिक पार्श्वभूमी

ताज महाल पॅलेस १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. जमशेटजी टाटा यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या वास्तूचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी तयार केला. वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात या इमारतीचे रूपांतर रुग्णालयात करण्यात आले होते. म्हणजेच ही वास्तू केवळ धनिकांच्या विश्रांतीचे स्थान राहिली नाही. शहराच्या इतिहासाशी ती आरंभापासून जोडली गेली.

स्वातंत्र्योत्तर काळात ताजचे कलेशी असलेले नाते दृढ झाले, त्यामागे भूगोलाचाही हात होता. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. काळा घोडा परिसरातील ही गॅलरी आणि ताज यांच्यात पायी काही मिनिटांचेच अंतर आहे. चित्रकार, समीक्षक, संग्राहक व परदेशी प्रवासी हे सर्व याच परिसरात वावरत असत. ताजच्या आवारातही कलादालन होते आणि अनेक भारतीय चित्रकारांची प्रदर्शने तेथे भरली. १९७३ साली नवी मनोरा-इमारत उभी राहिली. अजित केरकर यांच्या नेतृत्वाखाली समूहाचा विस्तार होत असताना एलिझाबेथ केरकर यांनी अंतर्गत सजावटीची धुरा सांभाळली. भारतीय हस्तकला, जुने फर्निचर आणि समकालीन चित्रे यांचा एकत्र वापर हे त्या सजावटीचे वैशिष्ट्य होते. हुसेन, वासुदेव गायतोंडे, राम कुमार, जहांगीर सबावाला यांसारख्या चित्रकारांच्या कलाकृती अशा रीतीने संग्रहात आल्या. त्यांपैकी बहुतेकांना तेव्हा आजची कीर्ती वा किंमत लाभलेली नव्हती, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

याच कालखंडात मुंबईतील इतर संस्थांनीही कलेला आश्रय दिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी होमी भाभा यांनी चित्रे खरेदी केली व हुसेन यांच्याकडून मोठे भित्तिचित्र करवून घेतले. एअर इंडियाने १९५० च्या दशकापासून संग्रह जमविण्यास सुरुवात केली. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईतील शाखा १९९६ साली सुरू झाली. तोपर्यंतच्या काळात महानगरातील आधुनिक कलेचा बराच मोठा भाग प्रयोगशाळा, विमान कंपनी आणि हॉटेल यांच्या भिंतींवरच जपला गेला.

या शतकात उभ्या राहिलेल्या हॉटेलांची रीत काहीशी निराळी आहे. मुंबईच्या ग्रँड हयात हॉटेलात राजीव सेठी यांच्या संयोजनाखाली समकालीन भारतीय कलाकृतींची मांडणी करण्यात आली. अशा हॉटेलांत चित्रे वर्षानुवर्षे साचत जात नाहीत. इमारतीच्या आराखड्याबरोबरच कलेचाही आराखडा तयार होतो आणि विशिष्ट जागेसाठी विशिष्ट कलाकृती करवून घेतली जाते. पुढे २०१४ साली मुंबई विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवर सेठी यांनीच हीच पद्धत फार मोठ्या प्रमाणावर राबविली.

निवासातील आस्वादाचे स्वरूप

संग्रहालयातील प्रेक्षक पाहण्याच्या हेतूने येतो, तासाभरात पन्नास चित्रांसमोरून जातो व बाहेर पडतो. हॉटेलातील पाहुणा झोपण्यासाठी, कामासाठी वा समारंभासाठी आलेला असतो. चित्र त्याला वाटेत भेटते. तेच चित्र तो रात्री दमून परतताना पाहतो आणि सकाळच्या उजेडात पुन्हा पाहतो. कलाकृतीशी असा सहवास घडणे हा निवासाचा खरा लाभ होय. चित्र घरात लावण्यामागची मूळ कल्पनाही हीच असते.

या लाभाला मर्यादाही आहेत. हॉटेलात चित्राशेजारी माहितीफलक असेलच असे नाही. कारण फलक लावताच त्या जागेला संग्रहालयाचे रूप येते आणि घरगुती वातावरणाचा भास मोडतो, अशी सजावटकारांची धारणा असते. परिणामी पाहुणा अनेकदा महत्त्वाच्या कलाकृतीसमोरून अजाणता निघून जातो. दुसरे असे की, मौल्यवान मूळ चित्रे सर्वसाधारणपणे लॉबी, जिने, भोजनगृहे व खास दालने येथे असतात. नेहमीच्या खोल्यांत बहुधा मुद्रित प्रती किंवा सजावटीसाठी एकगठ्ठा करवून घेतलेली चित्रे आढळतात. चौकस पाहुण्याने चित्रकाराची स्वाक्षरी, रंगाच्या थराचा उठाव आणि छापील प्रतीवरील क्रमांक या तीन गोष्टी पाहिल्यास मूळ चित्र व प्रत यांतील फरक पुष्कळ अंशी ध्यानात येतो. तिसरी मर्यादा निवडीची. पाहुण्यांना अस्वस्थ करतील असे विषय हॉटेले सहसा टाळतात. त्यामुळे निसर्गदृश्ये, अमूर्त चित्रे व सौम्य आकृतिचित्रे यांचे प्रमाण वाढते आणि एखाद्या कालखंडाच्या कलेचे समग्र चित्र तेथे मिळत नाही.

जतनाचा प्रश्न

हॉटेल ही चित्रांच्या दृष्टीने अनुकूल जागा नव्हे. कागदावरील जलरंगांसाठी सुमारे ५० लक्स आणि तैलचित्रांसाठी १५० ते २०० लक्स इतकाच प्रकाश योग्य मानला जातो. लॉबीतील झगमगाट याहून कितीतरी अधिक असू शकतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी अशी अपेक्षा असते, परंतु मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरील हवा त्याहून पुष्कळ दमट असते. वातानुकूलन कधी सुरू तर कधी बंद राहिल्यास कॅनव्हास ताणतो व सैलावतो, रंगाच्या थराला भेगा जातात आणि काचेखालील कागदावर बुरशी धरते. समुद्रकाठची खारी हवा धातूच्या चौकटी व खिळे यांना गंज आणते. म्हणून स्वच्छता कर्मचाऱ्याने ओल्या फडक्याने चौकट पुसू नये, इतक्या साध्या सूचनेपासून चित्रांच्या संवर्धनास आरंभ होतो.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ताजच्या जुन्या इमारतीला आगी लागल्या. अनेकांचे प्राण गेले. त्यांत पाहुण्यांप्रमाणेच कर्मचारीही होते. मनुष्यहानीपुढे चित्रांची हानी गौण होय, यात शंका नाही. तथापि धूर, काजळी आणि आग विझवण्यासाठी मारलेले पाणी यांनी संग्रहाचेही नुकसान झाले. मनोरा-इमारत २१ डिसेंबर २००८ रोजी, तर जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. मधल्या सुमारे एकवीस महिन्यांत वास्तूबरोबर चित्रांचीही दुरुस्ती करण्यात आली. हॉटेल पूर्ववत सुरू झाले असे म्हणण्यासाठी खोल्या व स्वयंपाकघरे पुरेशी नव्हती; त्या भिंतींवर ती चित्रे परत येणेही आवश्यक मानले गेले. सजावटीची वस्तू जळाली तर नवी आणता येते. जी वस्तू दुरुस्त करूनच परत आणावी लागते, तिला वारसा म्हणतात.

स्वामित्व आणि कायदा

हॉटेलाने चित्र विकत घेतले म्हणजे त्यासंबंधीचे सर्व हक्क विकत घेतले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राची वस्तू विकली गेली तरी प्रतिलिपीचा हक्क, लेखी हस्तांतर झाले नसल्यास, सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. म्हणून हॉटेलाने आपल्याच भिंतीवरील चित्र माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापावयाचे ठरविले, तरी परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. याच कायद्यातील कलम ५३ अ अन्वये मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास चित्रकार वा त्याचे वारस त्या रकमेत कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागू शकतात.

याहून महत्त्वाचे ते कलम ५७. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ साली नूतनीकरणाच्या वेळी उखडले गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वास्तूचा मालक कलाकृतीचा नाश करण्यास मोकळा नाही, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले. दर काही वर्षांनी नूतनीकरण करणाऱ्या हॉटेल व्यवसायाला हा निकाल विशेष लागू पडतो. याशिवाय १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय आदी नऊ कलावंतांच्या कृती खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेण्यास मनाई करतो.

कायद्याच्या कक्षेबाहेर मात्र एक मोठी पोकळी उरते. खासगी संग्रह सर्वांना दाखविलाच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. हुसेन यांच्या १९५४ सालच्या ‘ग्रामयात्रा’ या चित्राचा इतिहास येथे उद्बोधक ठरेल. भारतीय खेड्यातील जीवन रंगविणारे हे विस्तीर्ण चित्र एका परदेशी डॉक्टरने विकत घेतले व १९६४ साली ते नॉर्वेतील ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये किंमत आली, तोपर्यंत कित्येक दशके ते कलाजगताच्या दृष्टीआड होते. ज्या खेड्याचे ते चित्र, त्या खेड्यातील कोणीही ते पाहिले नव्हते. दुसरे उदाहरण एअर इंडियाचे. जानेवारी २०२२ मध्ये ही कंपनी टाटा समूहाकडे गेली. तिचा कलासंग्रह मात्र शासनाकडेच राहिला व २०२३ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आला. संस्थेचे स्वामित्व बदलताना संग्रहाचा स्वतंत्र विचार होऊ शकतो, हे यातून दिसते. हॉटेल विकले गेल्यास तसे होईलच, अशी हमी मात्र कोठेही नाही.

बाजारपेठेचा दबावही वाढतो आहे. नागपूर येथे जन्मलेल्या गायतोंडे यांच्या एका चित्राला डिसेंबर २०१३ मध्ये २३ कोटी ७० लाख रुपये किंमत मिळाली. तो लिलाव ताजमध्येच झाला होता. ज्या वास्तूत चित्र सजावट म्हणून आले, तेथेच ते गुंतवणूक म्हणून विकले गेल्याचे पाहिल्यावर, भिंतीवरील चित्र भिंतीवरच राहील, हे गृहीत धरणे कठीण होते.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

ग्रामीण महाविद्यालयांसमोरील अडचण उघड आहे. निवासी पाहुण्यांसाठी ताजमध्ये वारसा-फेरी असते. दौंडहून रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाला ती सहजी उपलब्ध नाही. तथापि शैक्षणिक सहलीच्या आखणीत काही गोष्टी शक्य आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही तिन्ही ठिकाणे परस्परांच्या जवळ असून सर्वांस खुली आहेत. त्यांच्या जोडीला महाविद्यालयाने हॉटेलांना लेखी विनंती करून कमी वर्दळीच्या वेळी मर्यादित भेटीची परवानगी मागावी. हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना चित्रांची देखभाल, वाणिज्य शाखेला कलेचे मूल्यांकन आणि विधी शाखेला कलम ५७ अशा अंगांनी हाच विषय शिकविता येतो. हॉटेलांच्या बाजूने संग्रहाची छायाचित्रांसह सूची खुली करणे ही किमान अपेक्षा आहे. तिला खर्च अल्प, व्यवसायाला बाधा नाही.

समारोप :

आधुनिक भारतीय कलेचा एक भाग हॉटेलांनी विकत घेतला, तेव्हा तिला मागणी थोडी होती. आपत्तीनंतर तो खर्च करून सावरलाही. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु केवळ जतन झाल्याने वारसा सार्वजनिक होत नाही. चित्र सुरक्षित असणे, ते कोठे आहे हे ठाऊक असणे आणि ते पाहता येणे, या तीन पायऱ्या आहेत. मुंबईतील हॉटेलांनी पहिली पायरी बऱ्याच अंशी गाठली आहे. दुसरी पायरी सूचीच्या प्रकाशनाने गाठता येईल. तिसरीसाठी मात्र मागणी करणारा वर्ग लागतो, आणि तो वर्ग महाविद्यालयांतूनच घडू शकतो. आपल्या नदीकाठी जन्मलेल्या कलावंताचे मूळ चित्र कोठे आहे, हा प्रश्न वर्गात विचारला जाऊ लागला, तरच तो हॉटेलाच्या स्वागतकक्षापर्यंत पोहोचेल.