गट बदलला म्हणजे भाग्य बदलते काय?

रणजी करंडक स्पर्धा 1934-35 साली सुरू झाली. दीर्घ काळपर्यंत तिची रचना भौगोलिक विभागांवर आधारलेली होती. एका विभागातील संघ प्रथम आपसांत खेळत आणि त्यांतील सरस संघांनाच अन्य विभागांशी झुंजण्याची संधी मिळे. 1957-58 साली या स्पर्धेत उतरलेला विदर्भाचा संघ मध्य विभागात होता. साहजिकच बलाढ्य मुंबईशी त्याची गाठ क्वचितच पडे. 2002-03 पासून ही विभागणी मोडून ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ असे सामर्थ्यानुसार गट पाडण्यात आले. अशा फेरमांडणीमुळे राष्ट्रीय संघात निवड होण्याची खेळाडूची शक्यता वाढते काय, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

सकृद्दर्शनी उत्तर सोपे वाटते. वरच्या गटात प्रतिस्पर्धी कसलेले असतात. त्यांच्याविरुद्ध काढलेल्या धावांना निवड समितीच्या लेखी अधिक मोल असते. खालच्या गटात धावा सुलभतेने निघत असल्या, तरी त्यांकडे साशंकतेने पाहिले जाते. परंतु वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा वेगवान गोलंदाज उमेश यादव 2008-09 च्या हंगामात विदर्भाकडून खेळू लागला, तेव्हा हा संघ प्लेट गटातच होता. तरीही 2011 साली तो कसोटी सामन्यात उतरला आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू ठरला. असामान्य वेगाला गटाची शिफारस लागली नाही.

यशाचे श्रेय नव्या रचनेला देण्यापूर्वी आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. 2017-18 साली अठ्ठावीस संघांचे चार समान गट करण्यात आले आणि त्याच वर्षी विदर्भाने करंडक जिंकला. परंतु जामठ्याचे नवे मैदान त्यापूर्वीच उभे राहिले होते, आणि चंद्रकांत पंडित यांच्यासारखा प्रशिक्षकही संघाला लाभला होता. विदर्भाने पुढच्याच वर्षी आणि पुन्हा 2024-25 मध्ये हा करंडक जिंकला. दार नव्या रचनेने उघडले असेल; पण आत जाण्याचे बळ आधीच कमावलेले होते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा दाखला या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयांतून खेळाडू निवडून घेतात. टेक्सास विद्यापीठाचे 2024 साली अकरा खेळाडू असे निवडले गेले. त्यानंतर हे विद्यापीठ अधिक प्रबळ समजल्या जाणाऱ्या आग्नेय संघटनेत दाखल झाले आणि 2025 साली ही संख्या बारा झाली. खेळाडूंची भरती संघटना बदलण्याच्या कित्येक वर्षे आधी झालेली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अल्प फरकाचे आश्चर्य वाटत नाही. मात्र टेक्साससारखे संघ आल्याने त्या संघटनेची एकूण संख्या आपोआप फुगते आणि ‘संघटनेमुळे खेळाडू घडतात’ असा भास होतो.

आता रायपूरकडे वळू. 2016 पूर्वी चौबे कॉलोनीतील होतकरू मुलाला रणजी खेळायची, तर साऱ्या मध्य प्रदेशातील मुलांशी स्पर्धा करून अकरांत यावे लागे. भिलाईचे राजेश चौहान याच वाटेने गेले आणि एकवीस कसोटी सामने खेळले. 2016 साली छत्तीसगडला स्वतंत्र स्थान मिळाले व अकरा नव्या जागा निर्माण झाल्या. भिलाईत जन्मलेला शशांक सिंग मुंबई व पुदुच्चेरी येथे खेळून अखेर छत्तीसगडकडे परतला आणि 2019 साली येथूनच त्याने प्रथम श्रेणीत पदार्पण केले.

सारांश, फेरमांडणी गुण निर्माण करीत नाही; ती गुणाला खेळण्याचे दिवस देते. म्हणून मुलाला दूरच्या मोठ्या संघाकडे धाडावे की घरच्या संघात ठेवावे, अशा विवंचनेत असलेल्या पालकाने गटाचे नाव विचारू नये. हंगामात प्रत्यक्ष किती सामने वाट्याला येतील आणि शिकवणारा कोण आहे, हे आधी विचारावे.