पाहुण्याच्या हवाली केलेला जीव

दिवाळीच्या सुटीत बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखादे मराठी कुटुंब पुण्याकडे प्रयाण करते आणि किल्ल्यांबरोबरच पाळलेल्या कुत्र्याचा ताबाही घरी उतरलेल्या पाहुण्याकडे सोपविते, तेव्हा त्या मुक्या जीवाचे पथ्यपाणी आणि औषधे यांची तपशीलवार यादी मागे ठेवण्याची तजवीज बहुधा राहूनच जाते. मग पाहुणा प्रेमापोटी बेदाणे घातलेला शिरा त्याच्यापुढे ठेवतो. परंतु बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि कांदा-लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. फटाक्यांच्या कडकडाटात फाटक क्षणभर उघडे राहिले, तर भेदरलेले जनावर वाट फुटेल तिकडे धावत सुटते. मांजराचे प्रकरण आणखी नाजूक: घरची माणसे दिसेनाशी झाली की ते कधी कधी अन्न टाकते, आणि दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः ते स्थूल असल्यास, त्याच्या यकृतात मेद साचू लागतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याच्या क्षेमाचे कर्तव्य, तो ज्याच्या ताब्यात असेल त्या प्रत्येकावर टाकले आहे. म्हणून पशुवैद्याचा पत्ता, उपचारांस आगाऊ संमती आणि खर्चाची रक्कम पाहुण्याच्या स्वाधीन केल्यावाचून मालकाने गाडीत पाऊल ठेवू नये, असे मला निक्षून सांगावेसे वाटते.