यकृत आणि व्यायाम

यकृताचे एक दुर्दैव असे की ते सहसा दुखत नाही. दात किडला की रात्र जागवतो, गुडघा झिजला की प्रत्येक जिन्यावर आपली आठवण देतो. यकृत मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसत राहते. मराठीतील 'काळीज' हा शब्द मुळात याच अवयवाचा. खाटकाच्या दुकानात 'कलेजी' म्हणून जे मिळते ते यकृतच होय. परंतु मराठी माणसाने हा शब्द माया, धैर्य आणि दुःख यांच्या व्यवहारात गुंतवून हृदयाच्या स्वाधीन केला, आणि खरे काळीज विस्मृतीत गेले. छातीत कळ आली की चाळिशीचा गृहस्थ घाबराघुबरा होऊन दवाखाना गाठतो. उजव्या बरगड्यांच्या आड सुमारे दीड किलो वजनाचा जो अवयव अहोरात्र राबत असतो, त्याची विचारपूस करण्याचे त्याला सुचत नाही.

यकृताची कामे अनेक आहेत. त्यांपैकी व्यायामाशी निकटचा संबंध असलेले काम कोठारघराचे. अन्नातून आलेली साखर साठवून ठेवावयाची आणि रक्ताला लागेल तशी सोडावयाची, हा यकृताचा धर्म क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिला. पुढे कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने, ज्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, या व्यवहाराची दुसरी बाजू उलगडली. श्रम करणाऱ्या स्नायूंत तयार झालेले लॅक्टिक आम्ल रक्तावाटे यकृतात येते, तेथे त्याची पुन्हा साखर होते आणि ती साखर स्नायूंकडे परत जाते. म्हणजे स्नायू आणि यकृत ही जणू एकाच पेढीची दोन दुकाने आहेत. एकाने व्यवहार बंद केला तर दुसऱ्याच्या दारी माल तुंबणारच.

बैठ्या पुरुषाच्या शरीरात नेमके हेच घडते. दिवसभर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या स्नायूंना साखरेची निकड नसते. इन्शुलिनच्या हाकेला ते हळूहळू ओ देईनासे होतात. मग जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात यकृताकडे वळते, आणि यकृताचे साखरेचे कोठार तर लहान, साधारण शंभर ग्रॅमचे. उरलेल्या साखरेची यकृत चरबी करते. त्यातच पोटाच्या घेरात साठलेल्या मेदातून सुटलेली स्निग्धाम्ले त्याच्याकडे वाहत येतात. यकृताच्या शंभरांतील पाचांहून अधिक पेशींत चरबी दिसू लागली की वैद्यक त्यास मेदयुक्त यकृत म्हणते. लोकांच्या तोंडी तो 'फॅटी लिव्हर' झाला आहे. पुष्कळांच्या बाबतीत प्रकरण येथेच थांबते. काहींच्या यकृतास मात्र सूज येते, सुजेमागून व्रणतंतू येतात, आणि व्रणतंतूंच्या जाळ्यातून सिरोसिस, क्वचित कर्करोगही उद्भवतो.

ही मद्यप्यांची व्याधी असा समज फार काळ रूढ होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी १९८० साली मद्य न घेणाऱ्या रुग्णांच्या यकृतातही हुबेहूब तशीच विकृती आढळते हे मांडून तिला स्वतंत्र नाव दिले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते नाव पुन्हा बदलून चयापचयातील बिघाडावर बोट ठेवले. भारत सरकारने २०२१ साली असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा अंतर्भाव केला. पुरुषांना तो तुलनेने लवकर गाठतो, कारण त्यांचा मेद पोटाच्या आत साठण्याची प्रवृत्ती अधिक. रजोनिवृत्तीपर्यंत स्त्रियांना निसर्गाचे थोडे संरक्षण असते. पुढे तेही ओसरते.

'अंगाने सडपातळ असलेल्यास याची चिंता नको' असे कोणी म्हणेल, तर त्याने पुण्याच्या एका छायाचित्राची हकिगत ऐकावी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले चित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा ९.१ टक्के भरला आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! त्याची मीमांसा करताना उभयतांनी विनोदही साधला. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचे धावणे म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ती गाठणे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. याज्ञिकांचे जन्माच्या वेळचे कमी वजन हेही एक संभाव्य कारण त्यांनी नोंदवले. भारतीय देहाची ही चोरटी स्थूलता वजनकाट्यावर दिसत नाही. म्हणूनच आपल्याकडील पुरुषाने वजनाआधी कमरेचा घेर पाहावा; तो ९० सेंटिमीटरच्या पुढे जाणे चांगले नव्हे.

आता व्यायामाने यकृतास काय लाभते? आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतो, आणि श्रम संपल्यावरही एकदोन दिवस त्याची ग्रहणशक्ती वाढलेली राहते. तेवढ्या काळात यकृताकडे जाणारा लोंढा कमी होतो. हा परिणाम दीर्घकाळ टिकत नाही, यातच नियमितपणाचे इंगित आहे. रविवारी दोन तास घाम गाळून उरलेला आठवडा आरामखुर्चीत घालवणाऱ्याच्या वाट्याला त्याचा फारच थोडा अंश येतो.

याहून लक्षणीय गोष्ट ही की वजन तसूभर न घटताही यकृतातील चरबी घटू शकते. सिडनी येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्थूल व्यक्तींनी चार आठवडे नियमाने सायकल चालवली. त्यांचे वजन होते तेवढेच राहिले, परंतु यकृतातील चरबी सुमारे २१ टक्क्यांनी उतरली. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे २०११ मध्ये वजने उचलण्याच्या आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. चालणे, पोहणे, सायकल हे आवडत नसेल त्याने आखाड्यातील जोर-बैठकांकडे वळण्यास हरकत नाही. काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात तालीम सोडून देणारे पुष्कळ असतात, आणि त्यांनी हे आकडे अवश्य ध्यानात घ्यावेत.

तथापि सूज आणि व्रणतंतू यांच्यापर्यंत पोहोचलेल्या विकारात वजन घटवल्यावाचून भागत नाही. क्यूबातील २९३ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि व्यायाम यांच्या योगे दहा टक्के किंवा त्याहून अधिक वजन उतरवले, त्यांच्यापैकी नव्वद टक्के लोकांची यकृताची सूज निवळली होती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. झपझप चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती गती मध्यम समजावी.

व्यायामाला मर्यादाही आहेत. तो कावीळ 'ब' व 'क' यांच्या विषाणूंना हुसकावून लावत नाही, आणि संध्याकाळच्या मद्यपानाची भरपाई सकाळच्या फेरफटक्याने होत नाही. पिळदार शरीराच्या मोहाने व्यायामशाळेत गुपचूप घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या तर यकृतावर थेट घाव घालतात. तरण्याताठ्या, धट्ट्याकट्ट्या माणसाला त्यांच्यापायी तीव्र कावीळ होते. सिरोसिस जडलेल्याने जड वजनांना वैद्याच्या संमतीवाचून हात लावू नये.

एक घोटाळा मात्र निरोगी पुरुषाच्याच वाट्याला येतो. प्रयोगशाळेच्या अहवालात 'एसजीओटी' आणि 'एसजीपीटी' हे आकडे यकृताच्या नावाखाली छापलेले असतात. वस्तुतः ही द्रव्ये स्नायूंतही असतात, पहिले तर विपुल. स्वीडनमधील १५ निरोगी पुरुषांना, ज्यांना वजने उचलण्याची सवय नव्हती, एक तास तो व्यायाम करावयास लावले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढे निदान सात दिवस त्यांचे हे दोन्ही आकडे चढलेले दिसले. यकृत निर्दोष होते. केवळ स्नायू शिणले होते. अशा अहवालापायी एखाद्याचे चालू औषध विनाकारण बंद होते, एखाद्याच्या विम्याचे कागद अडतात, आणि एखादा तर मद्यपी ठरतो. याकरिता रक्त देण्यापूर्वी आठवडाभर अनभ्यस्त जड व्यायाम टाळावा, आणि केला असल्यास तो वैद्यास न विसरता सांगावा. 'सीपीके' हा स्नायूंचा निर्देशक चढलेला आणि 'जीजीटी' मर्यादेत असेल तर संशयाचा काटा बहुधा स्नायूंकडे झुकतो. उलटपक्षी, मेदयुक्त यकृत असलेल्या कित्येकांचे हे आकडे पूर्णपणे मर्यादेत असतात. कमरेचा घेर वाढलेला असेल किंवा मधुमेह जडला असेल, तर अहवाल स्वच्छ आला तरी सोनोग्राफीचा विषय वैद्याकडे स्वतःहून काढावा.