विटेवरचे नाव

साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. अशा संगमावर पितरांचे तर्पण करताना शेवटी ओले वस्त्र पिळतात आणि त्यातून गळणारे पाणी कुळातील निपुत्रिक मृतांच्या वाट्याचे मानतात. मागे कोणीच न उरलेल्यांचे ऋण कोणी फेडायचे, हा प्रश्न ज्यू परंपरेलाही पडला. तिने त्याचे उत्तर नावाने दिले.

आई-वडिलांसाठी अपत्याने अकरा महिने, आणि पुढे दरवर्षी स्मृतिदिनी, म्हणायची अरामी भाषेतील प्रार्थना म्हणजे कद्दिश. तीत मृत्यूचा उल्लेखही नसतो, असते ती ईश्वरस्तुती. परंतु जे स्वतःच मूलपणी गेले, त्यांच्यासाठी ती म्हणायला अपत्य कोठून असणार? यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात षंढांना, म्हणजे देहातील उणिवेमुळे ज्यांचा वंश पुढे चालणार नाही अशांना, मुलामुलींहून श्रेष्ठ असे स्मारक आणि नाव देण्याचे ईश्वरी वचन आहे. जेरुसलेममधील ‘याद वाशेम’ या स्मृतिसंस्थेचे नाव त्याच दोन शब्दांचे बनले आहे.

या वचनाची कसोटी लागली ती नेदरलँड्समधील आपेलदोर्न येथे. तेथे १९०९ मध्ये ज्यू मनोरुग्णांसाठी ‘आपेलदोर्नशे बोस’ हे रुग्णालय उघडले आणि १९२५ मध्ये त्याच्या आवारात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘आखिसोमोख’ ही निवासी शाळा सुरू झाली. या हिब्रू नावाचा अर्थ ‘माझा भाऊ माझा आधार’. २१ जानेवारी १९४३ च्या रात्री नाझींनी ही जागा रिकामी केली आणि सुमारे १,२०० रुग्ण, त्यांत ही मुलेही, सुमारे ५० सेवकांसह आगगाडीने ऑशविट्झला नेले. तेथे जवळजवळ सर्वांना मारण्यात आले. देशातील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० हून अधिक जण युद्धात बळी पडल्यामुळे अनेक मुलांची आठवण काढणारे घरही उरले नाही.

आम्स्टरडॅममध्ये २०२१ मध्ये उघडलेल्या, डॅनियल लिबेस्किंड यांनी रचलेल्या नामस्मारकात प्रत्येक बळीची एक वीट आहे. विटेवर नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचे वय एवढेच कोरलेले असते. विटा वर्णानुक्रमाने लावल्या असल्यामुळे कोणाचे अपंगत्व वा अनाथपण त्यांवरून कळत नाही, मात्र एकाच आडनावाची माणसे शेजारी येतात. घरापासून दूर ठेवलेले मूल अशा रीतीने पुन्हा आपल्या माणसांच्या रांगेत बसते. पिळलेल्या वस्त्राचे पाणी अनामिकांना एकत्रच पोचते. येथे प्रत्येकाला स्वतंत्रपणे, नावानिशी बोलावलेले आहे.