कुजण्यासाठी घडवलेलं लाकूड

मुखवट्यावरची काळपट चकाकी वर्षानुवर्षांच्या हाताळणीतून आली की बूटपॉलिशमधून, हे आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर. नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय जुनेपणाबद्दल पुढे लिहिणं अवघड आहे. त्यांनी विचारलंय की, न्यू आयर्लंडच्या मलंगन मूर्ती बहुतेक शे-सव्वाशे वर्षांच्याच असतात, मग संग्राहक त्यांना एवढं मानतात ते का? आपल्याकडचा 1972 चा पुरावस्तू कायदाही शंभर वर्षांची रेघ ओढतो, त्यामुळे वयाचा प्रश्न मनात येणं साहजिक आहे.

पण मलंगनच्या बाबतीत नवल वयाचं नाहीच. ती मूर्ती मुळात उरली, हेच नवल.

न्यू आयर्लंड म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या बिस्मार्क द्वीपसमूहातलं एक लांबट, अरुंद बेट. त्याच्या उत्तर भागात माणूस गेल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच्या नावाने मोठा समारंभ होतो. सातवणाच्या कुळातलं हलकं लाकूड आणून कुंपणाआड, लोकांच्या नजरेपासून दूर, कोरीवकाम चालतं. पक्षी, मासे, साप, माणसं एकमेकांत अशी गुंतवलेली असतात की कोण कोणाला गिळतंय ते चटकन कळू नये. पांढऱ्यासाठी चुना, काळ्यासाठी कोळसा, लाल रंगासाठी गेरू. डोळ्यांच्या जागी समुद्री शंखाची हिरवट झाकणं बसवतात, आणि ती प्रकाशात खरोखर बघतात. मग कुंपण उघडतं, मूर्ती सर्वांसमोर येते, डुकरं आणि शंखमण्यांचं चलन हातोहात फिरतं. पैसे मोजणाऱ्याला लाकूड मिळत नाही. मिळतो तो आकृतीवरचा हक्क: ती पाहिली, लक्षात ठेवली आणि पुढे कधीतरी पुन्हा कोरवून घेतली, तर कुणी हरकत घेणार नाही. तेवढं झालं की मूर्तीचं काम संपतं. ती रानात कुजायला सोडायची किंवा जाळायची.

1884 मध्ये जर्मनांनी हा मुलूख ताब्यात घेतला आणि आणखी एक वाट निघाली: परक्याला देऊन टाकायची. बेटावरून गेली, म्हणजे संपलीच. बर्लिन, लाइपझिग, श्टुटगार्ट इथल्या संग्रहालयांत मलंगन इतक्या मोठ्या संख्येने दिसतात त्याचं एक कारण हे आहे. 1907 ते 1909 या काळात जर्मन नौदलाची खास मोहीमच तिथे होती. वसाहतीच्या सत्तेखाली झालेले हे व्यवहार सगळे राजीखुशीचे होते असं कुणी म्हणू नये. तरीही वस्तू हातावेगळी करण्याची रीत त्या लोकांची स्वतःची होती, हेही तितकंच खरं.

अडचण पुढे आहे. ‘त्यांना ती नकोच होती’ हे न्यू आयर्लंडपुरतं बऱ्याच अंशी लागू पडणारं वाक्य विक्रेते जगभरच्या वस्तूंना चिकटवतात. त्यावर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या झुनी लोकांचं उदाहरण पुरेसं आहे.

झुनींचे आहायुदा म्हणजे जुळ्या युद्धदेवांच्या उंच, सडपातळ लाकडी मूर्ती. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमाराला हरीण कुळातले लोक थोरल्या भावाची मूर्ती कोरतात, अस्वल कुळातले धाकट्याची. त्या पठारांवरच्या उघड्या देवस्थानांत ठेवल्या जातात आणि जुन्या मूर्ती शेजारच्या ढिगावर जातात. मलंगनसारखंच इथलं लाकूडही ऊनपावसात झिजायचंच असतं. फरक असा की ढिगावरच्या मूर्तीचं काम चालूच असतं. ती झिजत झिजत मातीत जाईपर्यंत राखण करते. शिवाय ती साऱ्या झुनी समाजाची, कुणा एकाला विकताच येत नाही. साहजिकच बाहेर सापडलेली प्रत्येक मूर्ती चोरीचीच ठरते. ‘टाकून दिलेली दिसली म्हणून उचलली’ हा बचाव इथे टिकत नाही.

1978 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात अशी मूर्ती आल्याचं झुनींना कळलं आणि त्यांनी शांतपणे, चिकाटीने मागणी लावून धरली. डेन्व्हर कला संग्रहालयाने 1980 मध्ये, स्मिथसोनियनने 1987 मध्ये मूर्ती परत केल्या. मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा अमेरिकी कायदा आला तो 1990 मध्ये, म्हणजे त्यानंतर.

परत आलेल्या मूर्तींसाठी झुनींनी चोरांपासून सुरक्षित अशी जागा बांधली, पण डोक्यावर आकाश उघडं ठेवून. पाऊस पडतो, लाकूड भेगाळतं. संग्रहालयातल्या कित्येक जाणकारांना हे बघवत नव्हतं, कारण लाकूड वाचवण्यातच त्यांची हयात गेलेली. प्रस्तुत लेखकाला मात्र झुनींचंच पटतं.

वाचवण्याच्या त्या धडपडीचा एक धोका संग्राहकांनी ध्यानात ठेवावा. कीड लागू नये म्हणून जुन्या संग्रहालयांत वस्तूंना सर्रास आर्सेनिक लावत. अमेरिकेतल्याच हॉपी या मूळनिवासी लोकांना परत मिळालेल्या काही पवित्र वस्तूंत ते आढळलं, आणि त्या वस्तू तर अंगावर वापरायच्या असतात. म्हणून संग्रहालयातून किंवा जुन्या युरोपीय संग्रहातून आलेला मुखवटा हातमोजे न घालता हाताळू नये, चेहऱ्याला तर मुळीच लावू नये.

आता पुढच्या आठवड्यात नक्की बूटपॉलिश. ज्यांनी मुखवट्यांची छायाचित्रं पाठवली आहेत, त्यांनी आतल्या बाजूचीही पाठवावीत. कपाळ आणि नाक जिथे टेकतं तिथली झीज, दोरीची भोकं, घामाचे डाग हे सगळं आतच असतं, आणि नकली माल बनवणाऱ्यांचा हात बहुतेक वेळा तिथेच आखडतो.