धुरा, दोरी आणि वाळा

वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात आणि वावराच्या हद्दीला धुरा. धुऱ्यावर बोर असते, हिवर असते, एखादा निंब असतो आणि दोन भावांचं भांडण हमखास असतं. वखराच्या एकेका फेरीने शेजाऱ्याचा धुरा दरवर्षी वीतभर कोरणारे महाभाग मी अकोला-अमरावतीकडे जाईन तिथे पाहिले आहेत. त्या वीतभर जागेसाठी मोजणी होते, कोर्टात तारखा पडतात, पोरांची लग्नं एकमेकांना न बोलावता उरकली जातात. पण हा धुरा माती अडवतो की नाही, हे त्या सगळ्या कागदांत कुणीच विचारत नाही. मला मात्र गेली पंचवीस वर्षं त्याचंच वेड आहे. पावसाळ्यात लोक चिखलदऱ्याला धबधबे पाहायला जातात, मी पातूर-बार्शीटाकळीकडे नाल्यांचा रंग पाहायला जातो.

मृगाच्या पहिल्या दणक्यात तो रंग दूध कमी पडलेल्या चहासारखा असतो. तो चहा कुणाच्या तरी वावरातून निघालेला असतो. हिशोब सोपा आहे. एका हेक्टरवरून मातीचा एक मिलिमीटर थर गेला की दहा घनमीटर माती गेली, म्हणजे वजनात तेरा टनांच्या घरात. एवढी माती कुणी ट्रॉल्या भरून नेली असती, तर गावाने ट्रॅक्टर अडवला असता. पण मिलिमीटरभर थर गेलेला मालकाच्याही डोळ्यांना दिसत नाही.

भूगोल आणि इतिहास उरकून घेतो. उत्तरेला गाविलगडचे डोंगर म्हणजे मेळघाट, दक्षिणेला बालाघाटचं पठार, मध्ये पूर्णेचं खोरं म्हणजे पाइनघाट. पाइनघाटातली शेकडो फूट खोल माती पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनीच वाहून आणली, म्हणजे ज्या काळीचा आपल्याला एवढा अभिमान, ती मुळात वरच्यांची धूप! १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचा भाव चढला आणि त्यानंतरच्या काळात इथली गवताळ पडीतही नांगराखाली गेली. मुंबई इलाख्यात १९४२ च्या कायद्याने बांधबंदिस्ती सुरू झाली, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होता. पुढे १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी, १९८३ चा सर्वंकष पाणलोट कार्यक्रम, १९९२ चं जलसंधारण खातं. झाला इतिहास.

माती अडवणारी पायऱ्यांची शेती म्हटलं की डोळ्यांसमोर कोकणातली भातखाचरं येतात, नाहीतर फिलिपिन्समधल्या इफुगाओंचे डोंगर. आपल्याकडे असं काही दिसत नाही, म्हणून ‘इथं कुठं उतार आहे?’ असं लोक म्हणतात. वऱ्हाडातल्या पुष्कळ वावरांचा ढाळ एक ते तीन टक्के असतो. दोन टक्के म्हणजे शंभर मीटरला दोन मीटर. दोनशे मीटर लांब वावराचं वरचं टोक खालच्यापेक्षा चार मीटर उंच झालं, दोन माणसं एकावर एक उभी राहिल्यासारखं. मधे आडवं काहीच नसेल, तर पाणी वाटेत वेग धरत जातं. वेग दुप्पट झाला की माती कापण्याचा त्याचा जोर चौपट होतो.

मग सरळ पायऱ्याच का कापू नयेत? बरडावर वीत-दीड वीत मातीखाली मुरूम लागतो. पायरी सपाट करायला गेलं तर अर्ध्या वावरात मुरूम उघडा पडतो. आणि भारी काळीत वेगळीच गंमत आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली काठी अर्धी आत जाते. त्याच मातीचा बांध घातला तर बांधालाही भेगा पडणारच. पहिल्या जोराच्या पावसात पाणी भेगेत शिरतं, आतून पोखरतं आणि बांध फुटतो. नाही फुटला तर त्याहून वाईट, कारण भेगा मिटल्यावर काळीत पाणी मुरता मुरत नाही. ते बांधाच्या वरच्या अंगाला तुंबतं आणि तेवढ्या पट्ट्यातली तूर पिवळी पडून बसते.

आमच्या वावरातही एका योजनेत असा बांध पडला होता. तीन वर्षं तूर बुडाली, चौथ्या वर्षी वडिलांनी रात्री कुदळ घेऊन तो स्वतःच फोडला. सकाळी गावात सांगितलं, पावसाने फुटला. म्हणूनच जाणकार भारी जमिनीत ढाळीचे बांध सांगतात. त्यांना अगदी थोडा उतार द्यायचा, जास्तीचं पाणी हळूहळू गवताच्या नाल्यात काढून द्यायचं. पाणी अडवण्यापेक्षा त्याला रमतगमत चालायला लावणं, हे इथलं खरं कसब.

ते कसब एका दोरीतही आहे. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने डवरणी, म्हणजे कोळपणी, करताना डवऱ्याच्या जानोळ्याला, म्हणजे पात्याच्या दांड्याला, दोरी गुंडाळायची. माती दोन्ही बाजूंना लोटली जाते आणि तासांच्या मधोमध सरी पडते. वेगळं यंत्र नको, वेगळा रोज नको. प्रत्येक सरी म्हणजे बोटभर उंचीची पायरी, आणि अशा शेकडो. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने पटणचेरूला काळ्या जमिनीसाठी बसवलेली आणि आता सोयाबीनवाल्यांच्या तोंडी असलेली बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी, याच कुळातली. अट एकच, तास उताराला आडवं हवं. उभ्या तासात तीच सरी पाण्याचा पाट होते.

आणि घोडं इथंच अडतं. वाटण्या होत होत आपली वावरं लांब पट्ट्यांची झाली. पट्टा उताराच्या दिशेने असेल तर आडवी पेरणी म्हणजे दर चाळीस पावलांवर वळण. बार्शीटाकळीकडच्या एका काकांना मी एकदा उत्साहाने समजावत होतो. ते म्हणाले, “आडवं पेरलं त मुरडनंच लय होते, भाऊ. डिझेल तुमी देता काय?” याला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

वरुड तालुका २०१६ मध्ये गावागावांतल्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत होता. त्या उन्हाळ्यात मी तिथं हायड्रोमार्करचं एक टोक धरून उभा राहिलो. दोन काठ्या, मधे पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी आली की दोन्ही ठिकाणं एका उंचीवर. तिथं फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. तासाभराने मागे वळून पाहिलं, तर पांढरी रेघ नागमोडी जात तीन जणांचे धुरे ओलांडून गेली होती. शेजारची आजी बराच वेळ पाहत होती. म्हणाली, “पान्याले कोनाचा धुरा हाय ते काय समजते, बापा!” समतल रेघ सातबारा मानत नाही आणि आपण सातबाऱ्याबाहेर काही मानत नाही, हे मला तोवर इतकं ठळक दिसलं नव्हतं.

आता माझा लाडका विषय, वाळा. माठात घालतो तोच. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली तीन-तीन मीटर जातात, त्यामुळे पिकाशी फारसं भांडण नाही. जून पात ढोरं खात नाहीत. ठोंब एकमेकांना खेटून समतल रेघेवर लावले की दोन-तीन पावसाळ्यांत दाट कुंपण होतं. पाणी त्यातून गाळून पुढे जातं, माती मागे राहते. माती साचेल तसं गवतही वर चढतं आणि कुदळ न मारता पायरी तयार होते. काळीतल्या बांधासारखी ती तडकत नाही. म्हैसूरकडे गुंडलुपेटचे शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले. जॉन ग्रीनफिल्ड यांनी १९५० च्या दशकात फिजी बेटांवर उसाच्या उतारावर तेच केलं आणि १९८७ मध्ये जागतिक बँकेसाठी त्याची पुस्तिका लिहिली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही वाळ्याच्या ओळींचे प्रयोग केले. एवढं असून गावोगाव वाळा का नाही? माझं मत स्पष्ट आहे. गवत लावण्यात ना जेसीबीचे तास निघतात, ना उद्घाटनाचा दगड बसतो.

पातूरच्या वाटेवर एका वावरात वाळ्याची एक जुनी ओळ आहे. मी दरवर्षी तिला भेटायला जातो. मागच्या उन्हाळ्यात गेलो तर अर्धी ओळ खणलेली. मालक ओशाळून म्हणाला, “पोरानं मुळ्या काढल्या, भाऊ. कूलरले लावल्या. ऊन पायलं ना अकोल्याचं?” त्याने आग्रहाने घरात नेलं. कूलरची हवा खरोखरच सुगंधी होती. चहा पिऊन परत वावरात आलो आणि उरलेल्या अर्ध्या ओळीपाशी उभा राहिलो. तिच्या वरच्या अंगाला माती गुडघाभर उंच होती.